चार पुस्तकांचे आठ पुठ्ठे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, अविवाहित, आज माझ्या राहत्या घराच्या खालच्या खोलीत, कामाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी गोड बोलून भरीला घातलेले नाही, आणि सकाळपासून चहाशिवाय मी काही घेतलेले नाही. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. एकाच डोळ्याने दिसते, म्हणून अक्षर वाकडे आहे; खाडाखोड झाली तिथे बाजूला सही केली आहे.

कलम १. हे घर, म्हणजे खालची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या आणि मागचा जिना, माझ्या भाचीला मिळावे. भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दोन वर्षांची असल्यापासून मीच तिला वाढवले. कटिंग मशीनखाली कागदाच्या कात्रणांचा ढीग पडायचा, त्यात ती झोपायची, म्हणून आमच्याकडे ती कात्रण झाली. आता ती परगावी एका दवाखान्यात एक्स-रे काढते आणि या नावाने हाक मारली की फणकारते. जिन्याची तिसरी पायरी सैल आहे. ती दुरुस्त करायचे मी गेली पंचवीस वर्षे मनावर घेते आहे.

कलम २. माझ्या भावाला, जो माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे, मी काहीही ठेवत नाही. हे रागाने लिहिलेले नाही. म्हणजे नुसत्या रागाने नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे आहे त्याला साक्षीदार करू नये असे वकिलांनी सांगितले, आणि मला भाऊ साक्षीदार म्हणून हवा आहे. सही करण्याआधी त्याने हे सगळे पहिल्या शब्दापासून वाचावे. त्याला वाचायचा कंटाळा आहे हे मला माहीत आहे. मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

कलम ३. पुस्तके दाबायचा शिकंजा, कटिंग मशीन, शिलाईची चौकट, भोके पाडायच्या आऱ्या आणि दोऱ्याची सगळी रिळे शिलाईवालीला द्यावीत. छापून आलेल्या मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या की आठ पानांची, म्हणजे सोळा बाजूंची, जुडी होते; तिला आम्ही फर्मा म्हणतो. एकवीस वर्षे ही बाई माझ्यासमोर बसून फर्मे शिवते आहे आणि एकवीस वर्षे तिच्या तोंडाला विराम नाही. एकदा तीनशे प्रतींत चौथा फर्मा पाचव्याच्या मागे शिवला आणि वर मलाच म्हणाली, "बाई, एवढं सलग कोण वाचतंय हल्ली?" तरी यंत्रे तिलाच. तिच्याइतका घट्ट टाका दुसऱ्या कोणाचा नाही.

घडी दाबायची हाडाची पट्टी आणि पातळ पात्याची सुरी मात्र कात्रणला द्याव्यात. त्या तिला लागणार आहेत.

कलम ४. भिंतीकडच्या फळीवर लोकांनी बांधायला दिलेली आणि परत न नेलेली पुस्तके आहेत. ज्याची त्याला पोचवावीत. एक प्राध्यापक "उद्या येतो" म्हणून गेले, त्याला अकरा वर्षे झाली. वाचनालयाला यातले एकही देऊ नये. तिथले ग्रंथपाल चार माणसांसमोर मला म्हणाले होते, "तुम्ही बांधा हो, वाचायचं आम्ही बघतो." त्यांच्या वाचनालयातले प्रत्येक पुस्तक मी बांधण्याआधी वाचले आहे. त्यांनी किती वाचली हे पानांच्या कोपऱ्यांवरून मला कळते.

कलम ५. खिडकीजवळची वेताची खुर्ची. ही कोणाला द्यायची ते ठरवण्याआधी ती कोणाची होती ते लिहायला हवे.

ती धाकटीची, म्हणजे कात्रणच्या आईची. नवरा सोडून गेल्यावर ती तान्ह्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. मी बांधायला आणलेले पुस्तक ती आधी वाचायची. वाचून झाले की मिटून मांडीवर ठेवायची आणि तशीच बसायची, डोळे उघडे, तासभर. मग मी शिवून दिलेल्या वहीत लिहायची. दूध उतू जायचे, दार वाजायचे, तिला पत्ता नसायचा. मी एकदा चिडून विचारले, "अगं, बसून करतेस तरी काय?" ती म्हणाली, "ताई, पुस्तक संपतं ना, त्यानंतर आत एक फार शांत जागा लागते. तिथे कुणीतरी असतं. मी त्याच्याशेजारी बसते, बस." मला वाटले, चला, काम टाळायला हा एक नवीन बहाणा. भावाला तसे वाटले नाही. तो घाबरला.

एका दुपारी ती अशीच बसलेली असताना कात्रण दार ढकलून रस्त्यावर गेली. एका ट्रकने करकचून ब्रेक मारला. समोरच्या चष्मेवाल्याने पोरीला उचलून आणले. धाकटी तेव्हाही खुर्चीत होती. भावाची भीती उगाच नव्हती, हे मी आज त्याच्या बाजूने लिहून ठेवते.

कलम ६. कात्रण, हे कलम तुझ्यासाठी आहे. तुझी आई तापाने गेली असे आम्ही तुला सांगितले. ते खोटे आहे. ट्रकच्या त्या दिवसानंतर आठवडाभराने भाऊ एक छापील कागद घेऊन आला आणि याच टेबलावर ठेवला. त्यावर जवळच्या दोन नातेवाइकांच्या सह्या लागत होत्या. त्याची झालेली होती. तो म्हणाला, "ताई, तिचं डोकं ठिकाणावर नाहीये. पोरीचं काही बरंवाईट झालं तर? तू नुसती सही कर. महिन्या-दोन महिन्यांत बरी होऊन येईल." माझ्यापुढे शाळेच्या पुस्तकांची मोठी ऑर्डर पडली होती. दाराला कडी लावून घेऊ, पोरीला माझ्याजवळ बसवू, असे मी म्हणू शकले असते. मी हाताची खळ पुसली आणि सही केली. वाचायला मिळेल तो कागद वाचणारी मी, तो तेवढा न वाचता दिला.

मनोरुग्णांच्या त्या इस्पितळात ती चौदा महिने होती. मी दोनदा भेटायला गेले. दुसऱ्या वेळी तिने फक्त विचारले, "ताई, हल्ली काय बांधतेस?" मी सांगितले. तिने मान हलवली, जणू ते पुस्तक तिने वाचलेले होते. त्यानंतर मी गेले नाही, मला बघवत नव्हते. ती तिथेच न्यूमोनियाने गेली.

कलम ७. तिचे कपडे घेऊन एक नर्स आली. कपड्यांत एक फर्मा होता, मीच कधीतरी शिवून दिलेला. आठ पाने, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात भरलेली. पहिल्या पानाच्या माथ्यावर लिहिले होते, "माझ्या मुलीला, वाचता यायला लागलं की." भाऊ म्हणाला, "जाळून टाक. वेडाच्या भरात लिहिलेलं पोरीच्या हाती नको." मी हो म्हटले. माझ्याने जाळवले नाही, आणि वाचायचा धीरही झाला नाही. त्यात माझ्याबद्दल काय असेल या भीतीने मी त्या ओळीपुढे एक शब्दही वाचला नाही.

मग मी बांधणीवाल्याला सुचेल ते केले. तिची आवडती चार पुस्तके काढली आणि नव्याने बांधली. फर्मा घडीवर कापून पाने सुटी केली, प्रत्येक पुठ्ठा दोन पातळ पुठ्ठ्यांचा केला आणि त्यांच्यामध्ये तिचे एकेक पान ठेवले. फक्त कडांना खळ लावली, मधला भाग कोरडा राखला. चार पुस्तके, आठ पुठ्ठे, आठ पाने. ती पुस्तके म्हणजे तुझ्या उशाशी असायची ती चार: प्रवासाचे, कवितांचे, ताऱ्यांचे आणि तो जाडा शब्दकोश. त्यांवरच तू वाचायला शिकलीस. नऊ वर्षांची असताना तू शब्दकोश मांडीवर घेऊन मला विचारलेस, "मावशी, आईने माझ्यासाठी काहीच लिहून नाही ठेवलं?" मी म्हटले, "नाही गं, बाळ." तुझे दोन्ही हात तेव्हा पुठ्ठ्यांवर होते. ही चारही पुस्तके तुझी आहेत. ती मी तुला देत नाही, परत करते आहे.

कलम ८. धाकटी गेल्यावर मी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तिच्या खुर्चीत बसू लागले. आधी थोडे वाचायचे, मग मिटून बसायचे. शिक्षा म्हणून सुरू केले होते. दोन वर्षे पाय दुखण्यापलीकडे काही झाले नाही. तिसऱ्या वर्षी एका सकाळी, वाचलेले पान मनात पुन्हा वाचता वाचता ते पानही गेले, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आले की मी मघापासून कोणावर रागावलेली नाही, भावावर नाही, माझ्यावरही नाही. तिथे कोणीतरी होते. पाच मिनिटे असेल. मग शिलाईवालीच्या आधीची जी बाई होती तिने दार वाजवले.

ती जागा पुन्हा अधूनमधून लागत गेली. माझ्या हातून ज्या काही बांधण्या चांगल्या झाल्या त्या तिथून उठून केलेल्या आहेत. धाकटी सांगत होती ते जसेच्या तसे खरे होते, आणि ते मला कळले तेव्हा जिला ते सांगायचे ती उरली नव्हती. मला मात्र कोणी वेडी म्हटले नाही. कामावरची बाई बसली की लोक म्हणतात दमली असेल. धाकटीकडे काम नव्हते.

खुर्ची कात्रणने घ्यावी. बसायची सक्ती नाही.

कलम ९. आता एक चूक लिहायची राहिली. गेल्या वर्षी डावा डोळा गेला, तेव्हा वाटले, निदान पाने बाहेर काढून ठेवावीत. प्रवासाच्या पुस्तकाचा पुढचा पुठ्ठा घेतला आणि साठ वर्षांच्या सवयीने त्याच्या कडांवर ओले फडके ठेवून वर वजन ठेवले. जुनी खळ अशीच सुटते. हजारो पुस्तके मी अशी सोडवली आहेत, छापील शाईला पाण्याने काही होत नाही. ही छापील शाई नव्हती, साध्या पेनाची होती, हे फडके निळे झाले तेव्हा माझ्या डोक्यात आले. पहिले पान धुऊन गेले, माथ्यावरच्या तुझ्यासाठीच्या ओळीसकट. मधोमध एवढेच उरले: "इथे वाचायला काही देत नाहीत. मग मी डोळे मिटते आणि आठवतील ती पानं वाचते. काल तुझ्या"

पुढे निळा डाग आहे. ते पान आणि ते फडकेही मी शब्दकोशात ठेवले आहे. बाकीच्या सात पुठ्ठ्यांना मी हात लावलेला नाही. कात्रण, पाणी अजिबात लावू नकोस, वाफही नको. एक्स-रे काढून दिसेल असे तुझ्या मनात येईल; मी विचारून ठेवले आहे, दिसत नाही. पातळ सुरी घे, कडेपासून बोटभर आत, वरचा पुठ्ठा पापुद्र्या-पापुद्र्याने सोलत जा, पान दिसले की थांब आणि हाडाची पट्टी आडवी सरकव. दिवसाला एकच पान. सोळा वर्षांची होईपर्यंत तू माझ्याकडे शिकलीस, तुझा हात माझ्यापेक्षा हलका होता. त्यात माझ्याबद्दल जे असेल ते वाच. मी ते ऐकायला नसेन, हा माझा भित्रेपणा समज. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही म्हणून हा सगळा कागदाचा खटाटोप.

कलम १०. बँकेत जे काही निघेल त्याची पुस्तके घ्यावीत आणि त्या इस्पितळात द्यावीत. आत घेत नसतील तर फाटकाशी ठेवून यावे.

कलम ११. मी शपथेवर लिहून देते की माझी धाकटी बहीण सही झाली त्या दिवशी शुद्धीवर होती, आणि फर्मा लिहिला तेव्हाही शुद्धीवर होती. ती निष्काळजी होती, वेडी नव्हती. माझी ती सही खोटी होती.

नोंद. वरील सर्व मजकूर आज सकाळी भावाने माझ्यासमोर बसून वाचला. त्याला पाऊण तास लागला. नवव्या कलमापाशी त्याने पाणी मागितले, ते मी दिले. अकरावे कलम वाचून त्याने कागद खाली ठेवले, चष्मा काढला आणि म्हणाला, "ताई, तुझं डोकं ठिकाणावर नाहीये." मग सही न करता निघून गेला.

याच टेबलाशी हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकले. मागच्या वेळी ते ऐकून मी सही केली होती. आजही करते.

मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार १: ~~भाऊ~~ चष्मेवाला, समोरचे दुकान. (सही) रस्त्यावरून पोरीला उचलून आणणारा मीच.

साक्षीदार २: डॉक्टर, दाखला देणारे. (सही)

ठिकाण: राहते घर, खालची खोली, खिडकीजवळ.

दिनांक: ९ ऑक्टोबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे.