हॉटेलात राहिलेली कवळी

शनिवार, ता. ७

कवळी गेली! वरची-खालची, दोन्ही.

सून म्हणाली, "आई, आज गॅसला सुट्टी. बाहेर जेवू." हॉटेलातला कागद वाचायला चष्मा लावला, भाव बघून पुन्हा डबीत घातला. मटण असलं चिवट — चपलेचा तळ बरा! हिरड्या सोलवटल्या. सून हात धुवायला गेली तेवढ्यात कवळी काढली, कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली. वेटरनं ताटाबरोबर उचलली असणार. गेली खरकट्यात.

सुनेला कशी सांगू? इतकी वर्षं हिच्यासमोर तोरा मिरवला, आता बोळकं दाखवू? तोंडाला रुमाल लावून उठले.

"थोडं चालू या, आई." कारंज्याकडच्या रस्त्याला लागलो. कपड्यांच्या दुकानातल्या बाहुल्यांना डोकीच नव्हती. एरवी मी काहीतरी बोलले असते. तिथंच ती थांबली.

"आई, मी लग्न करायचं म्हणतेय."

माझा मुलगा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. ही कामाला जाते त्या औषधांच्या दुकानाच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करतो, तो माणूस. "तुम्हाला सोडून नाही जायची. तिघं राहू." मी रुमाल आणखी घट्ट धरला. "काहीतरी बोला ना! शिव्या द्या हवं तर."

तोंड उघडलं नाही. हातानं खूण केली — घरी चल. कारंज्यापर्यंत न जाताच मागं फिरलो.

रविवार, ता. ८

रुमालाआडून सर्दी सांगितली. ती अंघोळीला गेल्यावर दुधात पाव बुडवून उभ्या उभ्या गिळला. चोरासारखा — स्वतःच्याच घरात!

तिनं विषय काढला नाही. माझ्या मुलाचा फोटो पुसत बसली. फोटो स्वच्छच होता.

सोमवार, ता. ९

गॅलरीत फोनवर बोलत होती. तिला वाटलं मी झोपलेय. "नाही, त्या काही बोलल्याच नाहीत... अरे, त्यांची जीभ गप्प राहिली म्हणजे काय ते मला कळतं. नको. आता राहू दे."

मग म्हणाली, "किती वेळ थांबला होतास कारंज्यापाशी?"

म्हणजे तो तिथं उभा होता! मला दाखवायला बोलावलेला. इस्त्रीचा शर्ट घालून आला असेल बिचारा.

फोन ठेवून आत आली तेव्हा डोळे लाल. आणि मला हायसं वाटलं. हायसं! मेली मी कुठली! मला वाकता येत नाही म्हणून माझ्या पायांची नखं ही कापते. पोटची लेक असती तरी कापली नसती.

कवळी नव्हती म्हणून बोलले नाही, असं वर लिहून ठेवलंय. "हो" म्हणायला दात कशाला लागतात?

मंगळवार, ता. १०

आज "हो" सांगणारच होते. तिनं आधी विचारलं, "घसा बरा आहे का, आई?" मान हलवली. मऊ भात पुढ्यात ठेवून कामाला गेली.

भात तसाच झाकून ठेवला.

बुधवार, ता. ११

कवळी हॉटेलात राहिली नव्हती. मीच चष्म्याच्या डबीत कोंबली होती. रस्त्यात आठवलं नाही, तेवढं खरं. पण चष्म्याशिवाय मला अक्षर दिसत नाही. शनिवारी पहिली ओळ लिहायच्या आधीच डबी उघडली होती, कवळी तेव्हाच दिसली होती.

आत्ता लावलीय. टोचतेय. टोचू दे.

सून आली वाटतं. दाराशी चप्पल वाजली.