साडेआठशेचा हेडफोन

१२ जानेवारी १९९७, रविवार

हेडफोन भंगार निघाला.

जावयाचा मित्र मस्कतहून आला. लेकीनं, मंजुषानं, त्याच्याबरोबर वॉकमन पाठवला आणि सोबत गोदाची कॅसेट. नात पाच वर्षांची, सहा महिन्यांत तिचं बोलणं नीट कानावर नाही. मी सकाळीच दाढी करून बसलो. कलाबाई म्हणाली, "कॅसेट ऐकायला दाढी कशाला?" बायकोच्या सगळ्याच प्रश्नांना उत्तरं द्यायची नसतात.

हेडफोन कानाला लावला, बटण दाबलं. गोदा बोलते आहे एवढं कळतं. काय बोलते ते कळत नाही. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणी बोलावं तसं. "आजोबा" तेवढं ओळखलं. बाकी नुसता आवाज, वर-खाली होणारा.

पिन काढून परत घातली. कानावरचे स्पंज काढून पाहिले. आवाजाची चक्री शेवटपर्यंत फिरवली. तेच.

वॉकमन चांगला जड आहे. हेडफोन मात्र कागदासारखा. वॉकमनबरोबर फुकट मिळालेला, दुसरं काय होणार.

१३ जानेवारी, सोमवार

रात्रपाळी नाही, म्हणून संध्याकाळी हिला ऐकायला दिलं. हिनं आधी चक्री फिरवून आवाज कमी केला, मग कानाला लावला. सेल वाचवते! ऐकता ऐकता हसली. मग मध्येच हसणं थांबलं. डोळ्याला पदर.

"काय म्हणते?"

"विचारते, आजोबा कसे आहात. दात पडला म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच कसं? मी घड्याळ लावून बघितलं, गोदा सव्वा मिनिट बोलते. दात पडायला सव्वा मिनिट लागतं का? म्हणजे हिलाही बाकीचं लागलेलं नाही. कबूल करणार नाही, एवढंच. हेडफोनमध्येच दोष आहे हे पक्कं झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ खाल्ला, वाटला. हेडफोनला दिला असता तर गोड बोलला असता कदाचित.

१६ जानेवारी, गुरुवार

अठ्ठावीस वर्षं सातपूरला पॉवर प्रेसवर काढली, त्यातली बारा साचे बसवणारा सेटर म्हणून. पत्र्याचा तुकडा वाकडा यायला लागला की आधी डाय बघायची, म्हणजे साचा. मग पत्रा. मग मशीन. ऑपरेटरला बोल लावायचा तो सगळ्यात शेवटी. नव्या पोरांना मी हेच शिकवतो, ती आधी ऑपरेटरवरच जातात.

त्याच क्रमानं आज सगळं तपासलं. कॅसेट पेन्सिलीनं मागे-पुढे फिरवली, फीत कुठं चुरगळलेली नाही. वॉकमनचा हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. नवे सेल घातले. काही फरक नाही. उरतो हेडफोन.

एक गोष्ट मात्र आज नीट लक्षात आली. गोदाचा आवाज दोनदा शेवटी वर जातो आणि मग ती गप्प राहते. म्हणजे काहीतरी विचारते, आणि थांबते. माझ्या उत्तरासाठी थांबते पोर! आणि इकडे आजोबा पेन्सिल फिरवत बसलेत.

कलाबाईनं एकच प्रश्न सांगितला. दुसरा कुठला?

१८ जानेवारी, शनिवार

वॉकमन कंपनीत नेला. म्हटलं, चार माणसांचं मत घ्यावं.

आमच्या प्रेस शॉपमध्ये एकदा ठोके सुरू झाले की देव बोलला तरी ऐकू येणार नाही. पण आमचं बोलणं अडत नाही. कॉलर धरली की फोरमन आला. मुठीवर मूठ आपटली की पत्रा संपला. बाकी सगळं ओठांवरून. रावजी तीन प्रेस पलीकडून पेठच्या त्याच्या भाताची हकिगत सांगतो आणि मी शब्दन् शब्द घेतो. परवा रस्त्यापलीकडे कलाबाई शेजारणीला माझ्याबद्दल काय सांगत होती ते मी घरी आल्यावर तिला म्हणून दाखवलं. तेव्हापासून ती माझ्याबद्दल बोलताना पाठ करून उभी राहते.

जेवणाच्या सुट्टीत रावजीनं हेडफोन लावला. डोळे मिटून ऐकलं. "नुसतं गुंगुं करतंय लहानूभाऊ. काय बी कळत नाय." मग धनराजनं लावला. तो सटाण्याचा, त्याचं एका वाक्यात असतं. "यामा दम नही शे." दोघांनीही वीस-पंचवीस वर्षं प्रेसवर काढलेली. यंत्र हातात घेतल्यावर दोष सांगणारी माणसं.

कॅन्टीनच्या विमलाबाईनंही हट्टानं ऐकलं. "अगं बया, किती गोड बोलती पोर!" म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं, आणखी काही सांगणार होती, तेवढ्यात भोंगा झाला. तिला काय, सगळीच पोरं गोड.

आम्हा तिघा प्रेसवाल्यांचं मत एक. हेडफोन बदलायचा.

२२ जानेवारी, बुधवार

पहिली पाळी सुटल्यावर शहरात द्वारका चौकाकडे गेलो. चौकाजवळ कॅसेटचं दुकान आहे. काउंटरवर संध्या नावाची मुलगी, कॉलेज करून दुपारी बसते. समोर उभं राहून स्पष्ट बोलते, मला अशी माणसं आवडतात. हल्लीची बरीच पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.

तिनं काचेच्या कपाटातून एक हेडफोन काढला. काळा, जाड गादीचा, कान पूर्ण आत जातो. दुकानातलं एक गाणं लावून दिलं. काय सांगू! ढोलकी छातीत वाजली. प्रत्येक थाप मोजून घ्यावी अशी. आमच्या त्या कागदी तुकड्यात ढोलकी कधी ऐकूच आली नसती.

किंमत साडेआठशे.

मी काढून ठेवला. परत लावला. परत काढला. संध्या म्हणाली, "काका, तुमची कॅसेट घेऊन या. त्यावर ऐकून बघा, मग ठरवा." शहाणी मुलगी. पहिला तुकडा तपासल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही, हेच तर आमचं.

२५ जानेवारी, शनिवार

हिला साडेआठशे सांगितले. मला वाटलं, भांडेल. भांडली नाही, तेच विचित्र.

"नका घेऊ," म्हणाली. "मी सांगितलं ना काय म्हणते ती."

"मला माझ्या कानानं ऐकायचंय."

मेथी निवडत बसली. मखमलाबादहून माझ्या भावानं सकाळी पाठवलेली. निवडून झाली तरी बोटं चालूच.

मला राग आला. मी काय दारूवर उडवतोय का? कोपऱ्यावरच्या दुकानात मंजुषाचा फोन येतो, तिथली लाइन कायम खराब. माझ्या हातात रिसीव्हर आला की खराब, हिच्या हातात गेला की नीट. मी "हो, हो, बरं" म्हणतो आणि देऊन टाकतो. सहा महिने नातीला "हो, हो, बरं" एवढंच म्हटलंय मी. तीसुद्धा म्हणत असेल, आजोबांना दोनच शब्द येतात.

जावयाचा मित्र नऊ फेब्रुवारीला परत जातोय. त्याच्या हाती माझी कॅसेट पाठवायची आहे. गोदानं काय विचारलं तेच माहीत नाही तर उत्तर काय भरू?

२८ जानेवारी, मंगळवार

ओव्हरटाइम मागून घेतला. फोरमन म्हणाला, "लहानूशेठ, या वयात?"

नात आहे, म्हटलं.

३१ जानेवारी, शुक्रवार

गंमत झाली. रावजी म्हणत होता, नवा हेडफोन चांगला निघाला तर त्यालाही एक हवा. त्याच्या रेडिओचा आवाज बसलाय. धनराज म्हणाला, त्याच्या टीव्हीचाही. सगळं घर ओरडतं, आवाज कमी करा म्हणून, आणि याला बातम्या कळत नाहीत. तिघांच्या घरची यंत्रं एकदम खराब! हल्लीचा मालच तसा.

मी दोघांना शब्द दिला आहे. आधी मी बघतो, मग सांगतो.

२ फेब्रुवारी, रविवार

मनात उत्तराची तालीम. "गोदा, मी आजोबा बोलतोय." पुढं अडतं.

ती दुसऱ्या प्रश्नात काय विचारत असेल? कधी येता, असं असेल. किंवा गच्चीवरच्या कबुतरांचं. मागच्या मेमध्ये ती त्यांना ज्वारी टाकायची, एक लंगडं होतं, त्याचं नाव तिनं माझ्यावरून ठेवलं होतं. ते अजून येतं, गोदा. त्याच्यासाठी वेगळी मूठ ठेवतो. हे सांगायचं आहे.

उगाच बरं वाटतंय आज. साडेआठशे तर साडेआठशे. बुधवारी जायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

संध्यानं काळा हेडफोन लावून दिला, माझ्या वॉकमनवर, माझी कॅसेट. बटण दाबलं. आवाज मोठा आला, जाड आला. "आजोबा" आलं. बाकी तेच. भिंतीपलीकडचं.

मी म्हटलं, याच्याहून भारी आहे का? आहे, म्हणाली, पण माझ्याकडे जरा बघत राहिली.

तेव्हा मला युक्ती सुचली. सुचली कशाला! म्हटलं, "बाई, तू ऐक. आधी माझ्या जुन्या हेडफोनवर, आणि जे कळेल ते कागदावर लिही. मग नव्यावर, दुसऱ्या कागदावर. जुन्यावर किती शब्द गळतात ते बघू." तपासणी म्हणजे तपासणी. साडेआठशे देणारा माणूस आहे मी.

तिनं जुना लावला. आधी आवाज कमी केला. कलाबाईसारखाच. लिहायला लागली आणि मध्येच थांबली. पेन हातात, नजर कागदावर. मग पुढं लिहिलं. नवा लावला, पुन्हा लिहिलं. दोन्ही कागद घडी घालून माझ्या हातात दिले.

"काका, नवा नका घेऊ. दोन्हीत सारखंच येतंय. जुन्यातही सगळं स्पष्ट आहे."

"सगळं?"

"सगळं. घरी जाऊन वाचा."

दुकानदाराची मुलगी असती तर असं बोलली नसती, पगारी आहे. मी वॉकमन पिशवीत घातला. द्वारकेच्या चौकात एवढे ट्रक, एवढ्या रिक्षा, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की चौक फारसा आवाज करत नाही.

बसमध्ये वाचलं. एकदा वाचलं आणि घडी घातली. सातपूरला उतरायचं ते पुढच्या स्टॉपला उतरलो, चालत मागे आलो.

डाय बघितली होती. पत्रा बघितला होता. मशीन बघितलं होतं.

आज पुढं लिहवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन्ही कागद सारखे. कानामात्रेचा फरक नाही. उतरवून ठेवतो.

"आजोबा, मी गोदा. तुम्ही कसे आहात? माझा दात पडला, पुढचा. आजोबा, आई म्हणते तुम्हाला कमी ऐकू येतं, म्हणून मी खूप मोठ्याने ओरडून सांगतेय. ऐकू आलं का? ... आलं असेल तर मला सांगा हं. म्हणजे मग मी हळू बोलेन. माझा घसा दुखतो."

कागद कलाबाईपुढे ठेवला. आज तिनं पाठ केली नाही. समोर बसून म्हणाली, "सात वर्षं झाली. तुम्हाला कसं सांगायचं?" सगळं नीट कळलं मला. तिचा चेहरा समोर होता.

माझी कॅसेट भरून झाली. पहिलं वाक्य तेच टाकलं: गोदा, ऐकू आलं, आता हळू बोल. मग लंगड्या कबुतराचं. मित्र नऊला जाणार, कॅसेट पोचेल. खोटं एवढंच बोललो, आणि तिची पुढची कॅसेट यायच्या आत ते खरं करायचं आहे.

उद्या रजा टाकली आहे. कामगारांच्या ई.एस.आय. दवाखान्यात जाऊन कान दाखवायचे. रावजी आणि धनराजलाही बरोबर घेतोय. त्यांना सांगितलंय की हेडफोन बघायला जायचंय.