तुमच्या टाळ्या

सर, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, पण मी काही तुम्हाला सुखानं मेलेलं राहू दिलेलं नाही. हल्ली मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात शिकवायला जाते. विषय असतो, मुलं न घाबरता प्रश्न विचारतील असा वर्ग कसा घडवायचा. चहा झाला की पहिल्याच सत्रात मी खडू कानामागे खोचते, बाह्या दुमडते आणि तुमचं सोंग घेते. आधी ठरवल्याप्रमाणे एक बाई उठून म्हणतात, ‘सर, मले नाही समजलं.’ मी टेबलावर हात आपटते, ‘वाजवा रे टाळ्या! बाईसाहेबांले समजलं नाही!’ सगळा हॉल टाळ्या वाजवतो, हसतो. मग मी सांगते, असं कधीच करू नका. तुमचं नाव घेत नाही, फक्त शाळेचं घेते, पण जिल्ह्यातला एकही तालुका मी सोडलेला नाही.

कोराडीची शाळा मला अजून दिसते. खिडकीच्या गजांवर वीज केंद्राची राख बसलेली आहे, तुमचा गणिताचा तास आहे, आणि मी उभी आहे. तुम्ही हात वर करेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नाहीत, हा तुमचा नियम. माझ्या बाकावरची मैत्रीणही खाली बघून वाजवते आहे. त्या संध्याकाळी आई विचारत राहिली, ‘काहून वं, जेवत काहून नाही?’ मी पोट दुखतंय म्हणाले. त्यानंतर तुमच्या तासाला माझा हात कधी वर गेला नाही. गणित मी पाठ करून काढलं आणि दहावीनंतर त्याचं तोंडही पाहिलं नाही. बाबा राखेच्या ट्रकवर होते, पोरगी इंजिनियर होऊन याच प्लांटमध्ये येईल असं चारचौघांत सांगायचे. पुढे सांगेनासे झाले. त्यासाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही.

मागच्या महिन्यात मौद्याला प्रशिक्षण होतं. जेवणाच्या सुट्टीत एक शिक्षिका डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. ‘मॅडम, ते माहे बाबा होते ना? कानामागं खडू ठेवणारा त्या शाळेत एकच माणूस.’ या प्रसंगासाठी मी कितीतरी उत्तरं घासून ठेवली होती. पण त्या शांतपणे पोळी मोडत म्हणाल्या, ‘घरीबी तसंच. भाजीत मीठ जास्त झालं का आईले उभं करत, अन् आम्ही भावंडं टाळ्या वाजवत.’ मग हळूच म्हणाल्या, ‘दुपारी पुन्हा करा न. मोबाईलमध्ये घेतो म्हणतो. आई माह्याजवळच राहते, प्रताप नगरात. तिले दाखवीन.’

सर, त्या दुपारी मी जीव ओतला. तुमचं खाकरणं, तुमची मान तिरकी करायची लकब, काही सोडलं नाही. तुमच्या बायकोसमोर तुम्हाला उघडं पाडायचं होतं. याहून मोठा सूड मला सुचला नसता, आणि आनंद झाला हे मी लपवत नाही.

रविवारी त्यांचा फोन आला. मी अधीर होऊन विचारलं, हसल्या का आई? ‘नाही हसली. दोनदा पाहिलं. मग म्हणे, त्या पोरीले काय समजलं नव्हतं, ते विचार.’

हे पत्र मी कुठे टाकणार? ड्रॉवरमध्ये राहील. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला तुम्ही केला नाहीत, माझ्या आईनं केला नाही, प्रशिक्षणाला आलेल्या एकाही शिक्षकानं केला नाही. आणि तुमच्या शर्टाचा रंगसुद्धा सांगू शकणाऱ्या मला, त्या दिवशी फळ्यावर काय होतं, ते काही केल्या आठवत नाही.