मनगटावरची चार बोटं

३ मार्च
१. इबादानहून इसेयिन गावी पोचले.
२. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.
३. खोली मिळाली. मालकीणबाई कापड विणतात. सगळे त्यांना ‘इया मालोमो’, मालोमोची आई, म्हणतात.
४. खोली दाखवायच्या आधीच त्यांनी अमाला, कंदाच्या पिठाचा मऊ गोळा, वाढला. माझे छोटे घास पाहून म्हणाल्या, “इबादानच्या पोरी नुसत्या वासानं जेवतात वाटतं!”
खूप दिवसांनी पोटभर हसले.

१९ मार्च
डाव्या मनगटाच्या वर फिकट डाग, बोटं उमटल्यासारखा. खाज नाही, आग नाही. साबण बदलला. प्रयोगशाळेतला सिकिरू म्हणाला, “काय अबेके, कुणाचा हात सोडवून आलीस?”

८ एप्रिल
डाग तसाच. कापसाची वात फिरवली, कळली नाही. टाचणी टोचली, कळली नाही. याचा अर्थ मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला असता तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडलं असतं. मी लांब बाह्या घालते आहे.

२० एप्रिल
इयांना मदत म्हणून सूत पिळताना बाही वर गेली. इयांनी माझा हात धरला, डागावर बोट ठेवत मोजलं. अंगठा, तीन बोटं. करंगळी नाही.
मग सांगितलं. मालोमो जन्मायची आणि जायची, पुन्हा जन्मायची. म्हणून तर ते नाव: पुन्हा जाऊ नकोस. शेवटच्या वेळी थोरले म्हणाले, देहावर खूण कर, म्हणजे तिकडचे सवंगडी तिला घेणार नाहीत, ती येईल आणि राहील. गेलेल्या लेकीची करंगळी इयांनी पुरण्याआधी स्वतः कापली. ती आलीच नाही.
“मला घाबरली गं ती. तुझ्याकडे आली. डॉक्टरला दाखवू नकोस.”

२ मे
दाखवला. त्वचेच्या नमुन्यात जंतू नाहीत, पण बधिरपणा आहे म्हणून कुष्ठरोगाच्या गोळ्या सुरू. उशीर केलास म्हणून डॉक्टर रागावले. घरी इयांनी माझ्या ताटाशेजारी एक लहान ताटली मांडली.

१४ जुलै
गोळ्या लागू पडल्या. अंगठा पुसला गेला. उरलेल्या जागी जाणीव परत येते आहे. टाचणी अजून कळत नाही. पकड कळते.

३० ऑगस्ट
दोन बोटं उरली. रस्ता ओलांडताना ती जास्त घट्ट होतात. आज मोटारसायकल अंगाला घासून गेली तेव्हा मी “घाबरू नकोस” म्हणाले. मोठ्यानं. पुढे चालणाऱ्या सिकिरूनं वळून पाहिलं.

११ सप्टेंबर
एकच बोट.
इया जेवत नाहीत. एवढंच म्हणाल्या, “यावेळी मी नाही हं पाठवत तिला. तू पाठवतेस.”
सकाळची गोळी हातात धरून बसले. घेतली. घ्यायलाच हवी — नाहीतर हात निकामी होईल. मला ठाऊक आहे. घेतली.

१४ सप्टेंबर
डॉक्टरांना चिठ्ठी:
गोळ्या थांबवल्या तर गेलेला डाग परत येतो का? पूर्ण येतो का? हातातलं गोळ्यांचं पाकीट शुक्रवारी संपतं, पुढचं अजून घेतलेलं नाही. कृपया शुक्रवारपर्यंत उत्तर द्यावं. जमल्यास आधी —
बोट सैल होतंय. नाही — चाचपडतंय. धरायला जागा शोधतंय. आपणहून सोडत नाहीये ती, मी हात हलवलेला नाही, मी