ऊनाची जिग

नॉकबेग, काउंटी क्लेअर
१४ फेब्रुवारी १९८४

प्रिय डर्वला,

नाताळच्या कार्डाशिवाय माझ्या अक्षरातलं काही तुझ्या घरी येऊन वीस वर्षं होत आली. तेव्हा पाकीट बघून कुणी गेलं असं समजू नकोस. सगळे आहेत. आईचा गुडघा तसाच आहे आणि ती डॉक्टरांचं ऐकत नाही, तेही तसंच आहे. सेंट ब्रिजिडच्या दिवशी तिनं लव्हाळ्याचा नवा क्रूस विणून दारावर लावला, जुना मात्र काढू दिला नाही. तुझा लोर्कन आणि मुली बरी असावीत. बॉस्टनला म्हणे कमरेएवढा बर्फ आहे. इथं नुसता पाऊस आणि समुद्राकडून वारा.

माझी शाळा ठीक चालली आहे. शनिवारी हॉलमध्ये पंचवीस मुलांना टिन व्हिसल शिकवते. पंचवीस पत्र्याच्या बासऱ्या एकदम सुरू झाल्या की फादर क्विलिगन पलीकडच्या घराच्या खिडक्या लावून घेतात.

मार्टी लिलिस आजारी आहेत. खरं तर हेच लिहायला बसले होते. छातीत पाणी झालंय. एनिसच्या इस्पितळातून घरी आणलंय, कारण करण्यासारखं काही उरलं नाही. ईस्टर बघतील असं कुणी म्हणत नाही. त्यांचं मागंपुढं कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की मी जाते, चूल पेटवते, सूप भरवते. ऊना फार चांगली, असं गाव म्हणतं. म्हणू दे.

तुला त्यांचं स्वयंपाकघर आठवत असेल. मी अकरा वर्षांची होते, तू आठ. दर मंगळवारी मला व्हिसल शिकायला जायचं असे, आणि आई तुला घरी एकटी ठेवायला नको म्हणून माझ्या गळ्यात बांधायची. मी वहीत सुरांची अक्षरं उतरवून घ्यायची आणि आठवडाभर घोकायची. तू कोपऱ्यात कोंबड्यांशी खेळत असायचीस. एका मंगळवारी मी अडखळत वाजवत होते ती नाचाची रील तू सबंध गुणगुणलीस, आणि मी अडखळले तिथं तू अडखळली नाहीस. मार्टींनी स्वतःची व्हिसल बाहीला पुसली आणि तुझ्या हातात दिली. मला त्यांनी ती कधीच दिली नव्हती.

त्या रविवारी चर्चबाहेर ते आईला म्हणाले, "थोरलीचे कान कागदाचे आहेत हो. धाकटीचे मात्र आमच्या आईसारखे." आई हसली. मीपण हसले. तेव्हापासून तू वाजवायला लागलीस की मी काहीतरी काम काढून बाहेर जायची. लोक म्हणायचे, बहिणीचा किती अभिमान असेल तुला. मी म्हणायची, आहेच.

मग चौसष्टच्या उन्हाळ्यात त्यांनी तुला ती जिगची धून दिली. त्यांची आई चुलीपाशी बसून तोंडानं म्हणायची ती, बिननावाची. मार्टींनी ती घराबाहेर कधी वाजवली नव्हती. तुला दिली ती एका अटीवर, की ते जिवंत आहेत तोवर ती दुसऱ्या कुणाच्या कानावर जायची नाही. तू अट पाळलीस. सकाळी सगळे बाहेर गेले की गोठ्यात जाऊन गाईंना ऐकवायचीस.

मी भिंतीच्या पलीकडे होते, डर्वला. नऊ सकाळी. दुधाच्या रिकाम्या कॅनवर बसून. वही जवळ नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी एक धून नुसती ऐकून शिकले, आणि ती शिकवली मला जळफळाटानं.

ऑगस्टमध्ये डब्लिनहून रेडिओवाले वादन टेप करायला हॉलवर आले, तेव्हा ती जिग वाजवायचं मी ठरवून गेले नव्हते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ठरवूनच गेले होते. तू तिसऱ्या रांगेत होतीस. मार्टी दाराशी, टोपी हातात घेऊन. मी पहिला भाग वाजवला आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

बाहेर त्यांनी मला काही विचारलं नाही. तुला विचारलं.

"हिला कुणी शिकवली?"

"मी नाही शिकवली, मार्टी."

"मग काय वाऱ्यानं शिकवली?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "तिनंच शिकवली. आणखी कोण शिकवणार?"

आणि त्यांना ते पटलं. कागदाच्या कानांची पोर ऐकून शिकली असेल, हे त्यांच्या मनातच येणार नव्हतं. ते सायकल घेऊन निघून गेले. तू घरी येऊन व्हिसल खणात टाकलीस आणि ऑक्टोबरमध्ये मावशीकडे बॉस्टनला गेलीस. माझी टेप रेडिओवर लागली. आज सगळ्या काउंटीत तिला 'ऊनाची जिग' म्हणतात. मुलं स्पर्धेत वाजवतात आणि बक्षिसं आणतात.

इथवरचं बरंचसं तुला ठाऊक आहे. पुढचं नाही.

तू निघायच्या आदल्या दिवशी बाबांबरोबर एनिसला सुटकेस आणायला गेली होतीस. दुपारी मार्टी आले. सायकलवरून उतरले नाहीत, एक पाय भिंतीला टेकवून उभे राहिले.

"धाकटी कुठाय?"

"बाहेर गेलीय."

"तिला सांग, म्हातारा चिडला होता, आता चिडलेला नाही. वाजवणं सोडू नको म्हणावं. आणि जायच्या आधी एकदा येऊन जा म्हणावं."

"सांगते," मी म्हणाले.

संध्याकाळी तू सामान भरत होतीस आणि मी तुझ्या मोज्यांच्या घड्या घालून देत होते. सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणाले, "स्वेटर वर ठेव. विमानात गारठा असेल." मार्टी दुसऱ्या दिवशी तुझी वाट बघत घरी बसून होते. त्यांच्या शेजारच्या मिसेस टालटींनी मला नंतर सांगितलं.

गेल्या गुरुवारी मी त्यांना हे सगळं सांगितलं. ते उशीला टेकून ऐकत होते.

"भिंतीतून ऐकून?"

"हो."

"वही नव्हती?"

"नव्हती."

"किती दिवस?"

"नऊ."

मला वाटलं, आता घालवून देतील. मग म्हणाले, "वाजव." मी वाजवली. गोधडीवर त्यांची बोटं हलत होती. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे कान होते तुला. मलाच ऐकू आलं नाही."

हे एक वाक्य ऐकायला मी जवळजवळ तीस वर्षं थांबले होते. ते नीट कानात उतरायच्या आत पुढचं आलं.

"दुसऱ्या भागात एका ठिकाणी तू श्वास घेतेस. आमची आई तिथं घेत नसे. तिथं एक लहानसं वळण आहे, ते भिंतीतून आलं नसेल. मलाही आता सापडत नाही. धाकटीला येतं. ती कधी येतेय?"

आणि मी पुन्हा ती अकरा वर्षांची झाले. सूप मी भरवायचं, अंथरूण मी बदलायचं, आणि डोळे दाराकडे लागलेत ते तुझ्यासाठी. मी म्हणाले, तिला मुली आहेत, लांब आहे, बघू. ते म्हणाले, "या खेपेला निरोप पोचव, ऊना." चिडून नाही म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

तरी शुक्रवारी मी लिहिलं नाही. शनिवारी नाही, रविवारी नाही, कालही नाही. फोन केला असता, पण फोनवर मी हवापाण्याचंच बोलत बसले असते. पोस्ट साडेपाचला बंद होतं. हे आत्ताच टाकून येते, उद्यावर ठेवलं तर राहील.

तू ये. शॅननच्या विमानतळावर गाडी घेऊन मी येईन. क्षमा मागायची ती तिथं तुझ्यासमोर मागेन, कागदावर नको. तू इतक्या वर्षांत व्हिसलला हात लावला नसेल तर बोटं अडखळतील, आणि मला त्याचा आनंद होईल, तो काही मला लपवता यायचा नाही. आणि अडखळली नाहीत, ते वळण पहिल्याच फटक्यात आलं, तर तुझ्याकडे बघणं मला जड जाईल. तरीही ये. ते फार थकलेत.

तुझी, अजूनही तुझ्यावर जळणारी,
ऊना