कंट्रोलर पडलाच नव्हता

रविवार संध्याकाळ, फुलचूर

दुरुस्तीवाल्याने आज घरच्या व्हिडिओ गेमचा कंट्रोलर उघडून दाखवला. "किसीने गिराया नहीं, मॅडम. आजकालचे असेच येतात. सालभरात ही अंगठ्याने फिरवायची स्टिक आतून झिजते."

होळीला दरेकशाहून दादा आला, पहिल्यांदाच खेळला. दुसऱ्या दिवशी स्टिक बिघडलेली. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तूच पाडलास. किंमत माहीत आहे का?" माझा सख्खा मोठा भाऊ! "मी नाही पाडला, बाई," एवढंच बोलून तो पॅसेंजरने परत गेला. पुन्हा आलाच नाही.

आत्ता फोन केला. त्यानंच आधी विचारलं, "सुधरला का तो? माहे हात जाडे. माह्याच हातानं बिघडला असन."

"नाही रे दादा, नाही!" मी सांगत राहिले. त्याला वाटलं, मी समजूत काढतेय.