वळणावरचा तुझा फोटो

माय, उद्या गाव तुझा सत्कार करणार आहे. फाट्यावरच्या वळणावर तुझा भलामोठा फ्लेक्स लावलाय, ‘रस्त्यावरचे जीव वाचवणारी माय’ असं खाली लिहिलंय, आणि त्याला हार मी घालायचा असं ठरलंय. काल अकोल्याहून एसटीने आले, फाट्यावर उतरले आणि रस्ता ओलांडायला निघाले, तर अमरावतीकडून येणारा ट्रक मला दिसलाच नाही. हॉर्न ऐकून मागे उडी मारली म्हणून आज लिहिते आहे. ट्रकच्या आणि माझ्या मध्ये तुझा फोटो होता.

आपलं घर रस्त्याला इतकं लागून, की तुझा स्वयंपाकही रस्त्याच्या तालावर चालायचा. तू भाकर थापते आहेस, मी चुलीपुढे बसले आहे, आणि बाहेर ब्रेक करकचून वाजतो. तुझा हात तव्यावर थांबतो. पुढे काही ऐकू आलं नाही तर तू भाकर उलटायचीस. आलं तर चूल तशीच सोडून पळायचीस. त्या संध्याकाळी पळालीस. शेजारचे काका जिनिंगमध्ये कापूस टाकून रिकामी बैलबंडी घेऊन परत येत होते. वळणावर बाभळी माजलेल्या, त्यांच्यापुढे बियाण्यांच्या कंपन्यांचे मोठाले फलक. त्यांच्याआडून ट्रक आला. काका गेले, एक बैल गेला. दुसरा मोडक्या जुवाला तसाच बांधलेला उभा होता. अजून कधी कधी मला तो बैलच आठवतो, काकांचा चेहरा आठवत नाही.

त्या वर्षांत गावात पांढऱ्या सरकारी गाड्या फार यायच्या. कोणाच्या घरी कोणी औषध प्यायलं याची चौकशी करायची, फोटो काढायचे, निघून जायचं. तू एका गाडीपुढे आडवी उभी राहिलीस. "औषध पेऊन मेला त्याले पुसाले येता साहेब, गाडीखाली मेला त्याले कोन पुसते?" साहेब कसनुसे हसले आणि "बघू" म्हणाले. मग तू अकोल्याच्या, अमरावतीच्या कचेऱ्यांत खेटे घातलेस. कंटाळून एक दिवस विळा घेऊन बाभळींवर स्वतःच तुटून पडलीस, आणि तुला पाहून बाया आल्या, मग गडीही लाजेकाजेने आले. फलकही शेवटी निघाले. पोळ्याला तर तू कहरच केलास. तोरणाखाली बैल उभे असताना बाईमाणूस असून मध्ये शिरलीस आणि शिंगांना बेगडीऐवजी रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्यास. "बैल हाय का ट्रक हाय वं बाई?" म्हणून लोक खदाखदा हसले. "ट्रकवाल्याले दिसला पाह्यजे, मंग काही म्हना त्याले," तू म्हणालीस. तेव्हा मला तुझी लाज वाटली होती. पुढे सगळ्याच गावाचे बैल अंधारात चमकू लागले आणि फाटा निवला, अपघात थांबले. तू गेलीस ती अंथरुणात, तापाने.

मला मारलंस ते एकदाच. निकाल दाखवायला रस्त्यापलीकडून धावत आले तर कानाखाली वाजवलीस. "डोये फुटले काय वं तुहे? रस्ता दिसल्याबिगर पाय टाकू नोको!" निकाल तू पाहिलाच नाहीस. त्याचा राग मी बरीच वर्षं धरला. काल फाट्यावर तो उतरला.

आज सकाळी सरपंचांकडे गेले. म्हटलं, फ्लेक्स शाळेच्या भिंतीवर लावा, वळणावर आड काही नको, ती आयुष्यभर हेच सांगत होती. सरपंच चांगला माणूस आहे, तुझ्या नावाने त्याचे डोळे भरून येतात. म्हणाला, "ताई, मायचा फोटो दोन्हीकून दिसला पाह्यजे, म्हनून तं वळनावरच लावला. पावने येऊन राहिले उद्या. कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मंग पाहू." उद्या कार्यक्रमाआधी शाळा भरणार आहे. पोरं त्याच वळणावरून सायकली काढतात, आणि रस्ता आता चौपदरी झालाय, गाड्या पूर्वीपेक्षा सुसाट येतात.

दुपारी तुझा विळा घेऊन गेले होते. फोटोत तू हसते आहेस. असं तोंडभर हसताना तुला मी घरात फार थोड्या वेळा पाहिलं. नुसती उभी राहिले आणि परत आले. उद्या पहाटे काढू, पोरं यायच्या आत, असं म्हणत हे लिहायला बसले.

आत्ता दिवेलागणीला फाट्यावर ब्रेक वाजला. माझा हात थांबला. कान लावून बसले. काही नाही, गाडी पुढे गेली.

विळा दाराशीच आहे, निघते. हे तुला पोचणार नाही, ठाऊक आहे. पण फ्लेक्स फाडताना तुझ्या चेहऱ्याचा तेवढा तुकडा मी नीट कापून घरी आणणार आहे, आणि ते सरपंचाला सांगणार नाही.